एक्सचेंज सेमिस्टर आखेनमध्ये: शेजारचे देश कसे आणि किती बघावेत?

सांडगी_मिरची | ८ सप्टेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी मूळची मिरजेची, पुण्यात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. ऑक्टोबर ते मार्च असं एक सेमिस्टर जर्मनीत आखेनला जातेय. व्हिसा आलाय. खोलीही मिळालीय, बारा चौरस मीटरची, म्हणजे आमच्या माजघराच्या निम्मी. आता प्रश्न भटकंतीचा. बाबा म्हणतात, "गेलीच आहेस तर सगळा युरोप बघून ये, परत कोण पाठवतंय!" आईचं म्हणणं एकच, रात्रीच्या गाडीने एकटी कुठे जायचं नाही.

मी केलेली यादी: पॅरिस, ॲमस्टरडॅम, प्राग, झ्युरिक, व्हेनिस, बार्सिलोना. दर दोन आठवड्यांनी एक, शुक्रवारी रात्री निघायचं आणि सोमवारी सकाळी लेक्चरला हजर. महिन्याला साधारण दीडशे युरो बाजूला पडतील असा अंदाज आहे.

प्रश्न:
१. माझ्या व्हिसावर 'डॉइचलांड' एवढंच छापलंय. मग बाकीच्या देशांत जाता येतं का?
२. दीडशे युरोत हे बसतं का?
३. मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. उपाशी मरेन का?

---

तिकीटबारी | ८ सप्टेंबर, रात्री ११:२५

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण त्यावरच बाकी सगळं उभं आहे.

तुझा व्हिसा 'डी' प्रकारचा, म्हणजे दीर्घ मुक्कामाचा आहे ना? त्यावर देशाचं नाव जर्मनीचंच असतं, आणि ते बघून दर वर्षी कुणीतरी घाबरतंच. घाबरू नकोस. 'डी' व्हिसा किंवा जर्मनीचं रेसिडेन्स परमिट असेल तर बाकीच्या शेंगेन देशांत (आपसात सीमा खुल्या ठेवणारा युरोपातला गट) कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं. जर्मनीतले दिवस त्यात धरत नाहीत. फक्त 'प्रवेशांची संख्या' या रकान्यात 'मुल्ट', म्हणजे अनेकदा ये-जा, असं आहे ना ते बघ.

शेंगेन म्हणजे युरोपियन युनियन नव्हे, हेही डोक्यात असू दे. स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये आहे. आयर्लंड युनियनमध्ये आहे पण शेंगेनमध्ये नाही. लंडन आणि डब्लिनसाठी वेगळे व्हिसे लागतात, आणि एका सेमिस्टरसाठी तो खर्च आणि खटाटोप मी तरी करणार नाही. क्रोएशिया २०२३ च्या जानेवारीपासून शेंगेनमध्ये आहे. रोमानिया आणि बल्गेरियाच्या जमिनीवरच्या सीमाही २०२५ च्या जानेवारीपासून खुल्या झाल्या.

जे दोन सेमिस्टरसाठी जातात त्यांच्यासाठी एक सूचना. व्हिसा संपतो, परमिटचं कार्ड छापून यायला वेळ लागतो, आणि मधल्या काळात हातात एक घडीचा कागद देतात. नाव आहे फिक्त्सिऑन्सबेशायनिगुंग, आपली पोरं नुसतं 'फिक्शन' म्हणतात. त्याच्या तिसऱ्या पानावर तीन चौकोन असतात. तिसऱ्यात खूण असेल, म्हणजे आधीचा परवाना पुढे चालू आहे असं लिहिलं असेल, तरच देशाबाहेर पाऊल टाका. माझ्या मित्राने न बघता इस्तंबूलचं तिकीट काढलं होतं. गेला नाही म्हणून वाचला, तिकिटाचे पैसे मात्र बुडाले.

---

खडूस_काका | ९ सप्टेंबर, सकाळी ६:१०

शिकायला चाललात की भटकायला? आमच्या वेळी पुण्याहून मिरजेला यायचं तरी साहेबांची रजा मंजूर व्हावी लागायची. दर दोन आठवड्यांनी एक देश! सोमवारी लेक्चरला डोळे उघडे राहतील का?

---

आखेनचा_पाहुणा | ९ सप्टेंबर, दुपारी १:३०

काका खडूस आहेत पण चुकलेले नाहीत.

मी आखेनात सहा वर्षं आहे, पीएचडी रखडत रखडत चालू. दर हिवाळ्यात तुझ्यासारखी यादी घेऊन येणारी पोरं बघतो. नोव्हेंबरअखेर त्यांचं काय होतं सांगतो: सर्दी, रिकामं बँक खातं, आणि पाच शहरांतल्या पाच हॉस्टेलांची एकसारखी आठवण.

हिशेब कर. पूर्ण सेमिस्टर म्हणजे ३० क्रेडिट. जर्मनीत एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरतात. म्हणजे साडेसातशे-नऊशे तास, तेही ऑक्टोबरच्या मध्यापासून. फेब्रुवारीत परीक्षा. वर डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. शुक्रवारी रात्री बार्सिलोनाला निघालीस तर शनिवार झोपण्यात जाणार आणि रविवार परत येण्यात.

आता दुसरी बाजू. तू आखेनला चालली आहेस. बर्लिनला नाही, म्युनिकला नाही. आखेन नकाशावर नीट बघ. शहराच्या पश्चिमेच्या वस्तीतून बसमध्ये बसलीस की चार-पाच थांब्यांत नेदरलँड्समधलं फाल्स हे गाव येतं. दक्षिणेला जंगलातून चालत गेलीस की बेल्जियम. सावंतवाडीची माणसं बांद्यावरून पत्रादेवीला जाऊन येतात ना, तसं आम्ही नेदरलँड्सला जाऊन येतो. कशाला? कांदे आणायला! जर्मनीत रविवारी दुकानं कडकडीत बंद असतात, फाल्सची उघडी असतात. माझ्या पहिल्या 'परदेश प्रवासा'त मी दोन किलो कांदे, दही आणि एक झाडू आणला.

आखेनहून मास्त्रिख्तमार्गे लिएजला जाणारी थेट गाडी आहे, जर्मनी-नेदरलँड्स-बेल्जियम असे तीन देश एका डब्यात बसून होतात. मास्त्रिख्त म्हणजे ज्या गावात १९९२ मध्ये युरोपियन युनियनचा करार झाला तेच. तिथे तेराव्या शतकातल्या चर्चमध्ये पुस्तकांचं दुकान आहे, तिथून मला ओढून बाहेर काढावं लागतं. लिएजचं स्टेशन कालात्रावा या वास्तुरचनाकाराने बांधलंय, २००९ मध्ये उघडलं. काचेच्या कमानींखाली उभं राहून नुसतं वर बघत बसावं. हे सगळं सकाळी निघून रात्री स्वतःच्या खोलीवर परत. हॉस्टेलचा खर्च शून्य.

सेमिस्टर फीमध्ये देशभराचं रेल्वे-बस तिकीट मिळेल. ते साध्या, म्हणजे प्रादेशिक गाड्यांना चालतं, वेगवान गाड्यांना नाही. सीमेपलीकडे कुठपर्यंत चालतं ते प्रत्येक मार्गाला वेगळं आहे, ॲपमध्ये बघूनच चढ.

यादीतली पॅरिस ठेव. आखेनहून वेगवान गाडी थेट जाते. बाकीची पाच शहरं नोकरी लागल्यावर.

---

सांडगी_मिरची | ९ सप्टेंबर, संध्याकाळी ७:०५

कांदे आणायला नेदरलँड्स!! आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "मग झाडू इथूनच ने."

पाहुणे दादा, पटतंय पण पोटात दुखतंय. माझ्यासोबत येणाऱ्या दोघींची तिकिटं काढूनही झालीत, व्हेनिसची. मी आखेनच्या आजूबाजूला फिरत राहिले तर काहीतरी हुकलं असं वाटणार नाही का?

---

राजगडवेडा | ९ सप्टेंबर, रात्री ९:५०

आखेन म्हटलं की मला राहवत नाही. सीमा बघायला यापेक्षा चांगलं गाव युरोपात नसेल.

फाल्सच्या मागे एक टेकडी आहे. उंची ३२२ मीटर. युरोपातल्या नेदरलँड्सचं हे सर्वोच्च ठिकाण. हसू नका. डच लोक तिथे सहकुटुंब येऊन 'शिखर सर केल्या'चा फोटो काढतात. कळसूबाई १६४६ मीटर आहे, सहज सांगितलं. त्याच माथ्यावर तीन देश मिळतात. पण गंमत अशी की १९२० पर्यंत तिथे चार मिळायचे.

नेपोलियन गेल्यावर १८१६ मध्ये प्रशिया आणि नेदरलँड्स यांचं एका जस्ताच्या खाणीवरून जमेना. खाण कुणीच सोडेना. मग त्यांनी खाणीसकट साडेतीन चौरस किलोमीटरचा एक त्रिकोणी तुकडा 'कुणाचाच नाही' म्हणून बाजूला काढला. नाव तटस्थ मोरेस्ने. शंभरावर वर्षं तो तसाच राहिला! १९०८ मध्ये तिथल्या काही मंडळींनी एस्पेरांतो या मुद्दाम बनवलेल्या भाषेचं राज्य करायचं ठरवलं होतं, नाव आमिकेयो, म्हणजे मैत्रीची जागा. पहिल्या महायुद्धानंतर तो तुकडा बेल्जियमला गेला. आज त्या गावाचं नाव केल्मिस, छोटं संग्रहालय आहे.

दुसरी गोष्ट फेनबान. आखेनहून लक्झेंबर्गच्या उत्तरेपर्यंत १२५ किलोमीटरचा सायकलमार्ग. जुनी रेल्वेलाइन होती, पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहात लाइन बेल्जियमला दिली, पण दोन्ही बाजूंची काही गावं जर्मनीचीच राहिली. रूळ गेले, हद्द तशीच. म्हणजे डावीकडे जर्मनी, उजवीकडे जर्मनी, आणि तुझ्या सायकलखालची काही मीटरची पट्टी बेल्जियम. ऑक्टोबरात पहिल्याच शनिवारी कर, नंतर पाऊस आणि बर्फ. चढ हळूहळू आहे, साध्या सायकलनेही जमतं.

आणि बेल्जियमचं सर्वोच्च ठिकाणही जवळच आहे, ओट फान्य या दलदलीच्या पठारावर बोत्रांज, ६९४ मीटर. सातशे भरत नव्हते म्हणून १९२३ मध्ये त्यावर सहा मीटरचा मातीचा ढिगारा घालून पायऱ्या केल्या. चढलात की बरोबर ७००. यांना सह्याद्री दाखवला पाहिजे.

---

खडूस_काका | १० सप्टेंबर, सकाळी ५:५५

राजगडवेडा, त्या तटस्थ तुकड्याच्या हद्दीवर खुणा आहेत का? दगड की लाकूड? क्रमांक घातलेत का?

मी तेहेतीस वर्षं मोजणी खात्यात होतो. शंकू-साखळीपासून मशीनच्या मोजणीपर्यंत सगळं केलं आहे. बांध कोरणारे शेतकरी आणि हद्दीचा दगड रात्रीतून सरकवणारे भाऊ-भाऊ बघण्यात हयात गेली. दोन राष्ट्रांनी शंभर वर्षं एक बांध कोरला नाही, हे पचायला जड जातंय.

---

राजगडवेडा | १० सप्टेंबर, सकाळी ८:२०

काका! दगडच आहेत. क्रमांक घातलेले साठ होते, त्यातले बहुतेक आजही जंगलात उभे आहेत. शिवाय आखेनच्या जंगलात त्याहून जुने, गरुड कोरलेले दगड सापडतात, आखेन हे पवित्र रोमन साम्राज्याचं स्वतंत्र शहर होतं तेव्हाच्या हद्दीचे.

---

खडूस_काका | १० सप्टेंबर, सकाळी ८:३१

असं. मग मुलीने जावं.

---

आंबेमोहोर | १० सप्टेंबर, दुपारी ३:१५

सगळे सीमा नाहीशी झाल्यासारखे बोलताय म्हणून माझी फजिती सांगतो.

मागच्या हिवाळ्यात पॅरिसहून रात्रीच्या बसने आखेनला येत होतो. खिशात रेसिडेन्स कार्ड, पासपोर्ट खोलीवर. 'शेंगेन आहे, कोण बघतंय' असा थाट. पण जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून सगळ्याच जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली आहे. दर वेळी होत नाही, ज्या वेळी होते त्या वेळी मी असतो. पहाटे साडेतीनला हायवेच्या नाक्यावर बस थांबली. पोलीस चढले. नुसतं कार्ड चालत नाही, सोबत पासपोर्ट हवा, असं सभ्य आवाजात सांगून मला खाली उतरवलं. फोनमधला पासपोर्टचा फोटो त्यांनी बघितला, मान हलवली, आणि बाजूला ठेवला.

चाळीस-पंचेचाळीस मिनिटं त्यांच्या गाडीपाशी उभा. संगणकावर माझं नाव सापडलं, समज देऊन सोडलं. तोवर बस निघून गेली होती, माझ्या बॅगेसकट. बाहेर दोन अंश. पण एक गोष्ट माझ्या बाजूची: तो नाका आखेनच्याच हद्दीत आहे. सहा-सात किलोमीटर चालत पहाटे खोलीवर पोचलो आणि पहिलं काम काय केलं, तर पासपोर्ट जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवला. बॅग नऊ दिवसांनी मिळाली. आत चीज होतं. जास्त लिहीत नाही.

---

डबेवाली_ताई | १० सप्टेंबर, रात्री १०:०५

तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी बघितलंच नाही, सगळे दगडधोंड्यांत रमलेत.

मिरची, तुला बेल्जियममध्ये पहिल्याच दिवशी कुणीतरी बटाट्याच्या फ्राइजचा कोन हातात देईल. इथले फ्राइज दोनदा तळतात, पारंपरिक पद्धतीत गाईच्या चरबीत. सगळीकडे नाही, पण पुष्कळ ठिकाणी अजूनही तसंच आहे. मी ब्रसेल्सजवळ चार वर्षं राहिले, त्यातले पहिले सात महिने आनंदाने खाल्ले, मग एकीने सांगितलं. आता काय करता! दुकानात विचार, वनस्पती तेल वापरणारे तसं सांगतात. नेदरलँड्समध्ये बहुतेक तेलच असतं.

लिएजचे वॉफल नक्की खा. पिठातच साखरेचे मोठे दाणे घालतात, भाजताना ते वितळून बाहेरून कडक होतात, आपल्या चिक्कीच्या कडेसारखे. अंडं असतं, तुला चालतं म्हणालीस.

बेल्जियममध्येच अँटवर्पला गेलीस तर स्टेशनशेजारीच हिरे बाजार. पालनपुरी जैन व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या तिथे आहेत, त्यामुळे आसपास बिनकांदा-लसणाचं जेवण मिळतं. शहराच्या कडेला विल्राइकला संगमरवरी जैन मंदिर आहे. स्टेशनही बघण्यासारखं आहे, चार मजले, आणि त्यातल्या तीन मजल्यांवर रेल्वेगाड्या.

आणि नेदरलँड्समध्ये हेगला सुरिनामी रोटी खा. ही गोष्ट मला फार जवळची वाटते. १८७३ च्या जूनमध्ये 'लल्ला रूख' नावाचं जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीत, सुरिनाममध्ये पोचलं. बहुतेक माणसं भोजपुरी मुलखातली. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झालं, त्या सुमारास त्यांच्या नातवंडा-पतवंडांतले पुष्कळ नेदरलँड्समध्ये आले. रोटीच्या दुकानातल्या आजी डचमध्ये बोलतात, मध्येच त्यांच्या सरनामी भाषेतला शब्द येतो आणि आपल्याला कळतो. रोटीत बटाट्याची भाजी, लांब शेंगा, वर उकडलेलं अंडं. मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा त्या आजींनी विचारलं, "तुम्ही कुठल्या गावच्या?" मी म्हटलं, "कऱ्हाड." त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. तरी दुसरी रोटी त्यांनी पैसे न घेता वाढली.

सोबत मेतकूट, भडंग आणि दशम्या ने. दशम्या तीन दिवस टिकतात.

---

फुकटफौजदार | ११ सप्टेंबर, सकाळी ११:४५

ताई, रडवलंत. मी कोरडा विषय घेतो. पैसे.

फोन: जून २०१७ पासून युनियनच्या देशांत रोमिंगला वेगळे पैसे लागत नाहीत. स्वित्झर्लंड त्यात नाही! बाझेल या स्विस शहराच्या आसपास गाडी दहा मिनिटं सीमेवरून गेली तरी फोन स्विस टॉवर पकडतो. माझं तेवढ्यात ३८ युरोचं बिल झालं, व्हिडिओ चालू राहिला होता. तिकडे जाताना डेटा बंद.

एटीएम: चेकिया, पोलंडसारख्या युरो नसलेल्या देशांत एटीएम विचारतं, 'तुमच्या चलनात हिशेब करू का?' नाही म्हणायचं. नेहमी तिथल्या चलनात. आणि पर्यटकांच्या चौकातल्या मशीनपेक्षा बँकेच्या भिंतीतलं मशीन बरं.

नेदरलँड्समध्ये बस-गाडीला बँकेचं कार्ड टेकवून चढता येतं. उतरताना पुन्हा टेकवायचं. विसरलीस तर जास्तीचे पैसे कापले जातात, आणि पहिल्या वेळी सगळेच विसरतात.

विमा: जर्मन सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डामागे युरोपियन कार्ड छापलेलं असतं. पण आपण युनियनचे नागरिक नाही, म्हणून ते स्वित्झर्लंड, डेन्मार्क, नॉर्वे इथे आपल्याला उपयोगाचं नाही. तिकडे जाणार असशील तर वेगळा प्रवास विमा घे.

गाडी एक तास उशिरा पोचली तर भाड्याचे २५ टक्के परत मिळतात, दोन तासांना ५० टक्के. अर्ज करायचा आळस करू नकोस. पण दोन वेगळी तिकिटं जोडून प्रवास केला आणि पुढची गाडी चुकली, तर सहसा कुणी विचारत नाही. म्हणून शक्यतो एकच तिकीट.

---

मोझेलकाठी | ११ सप्टेंबर, रात्री ८:३०

मी जर्मनीतच, लक्झेंबर्गजवळ त्रिअरला शिकते, सातारकर. राजगडवेड्यांच्या सीमाप्रेमात माझी भर.

ज्या शेंगेनच्या नावाने आपण सगळे व्हिसा काढतो ते लक्झेंबर्गमधलं एक चिमुकलं द्राक्षमळ्यांचं गाव आहे. १४ जून १९८५ ला तिथे मोझेल नदीत एका जहाजावर पाच देशांनी सह्या केल्या. जहाजावर का, तर तिथे जर्मनी, फ्रान्स आणि लक्झेंबर्ग एकत्र येतात. तुझ्या जर्मन तिकिटावर पेर्ल या सीमेवरच्या जर्मन गावापर्यंत साध्या गाडीने ये. स्टेशनवरून खाली उतर, पूल ओलांड, झालं शेंगेन. पुढे लक्झेंबर्गची सार्वजनिक बस-ट्राम-रेल्वे, पहिला वर्ग सोडला तर, २०२० पासून फुकट आहे. फुकटफौजदारांनी खुर्ची सांभाळावी. आखेनहून लांब पडतं, पाच तास तरी. माझ्याकडे मुक्काम कर, गादी आहे, पिठलंही मिळेल.

---

तिकीटबारी | १२ सप्टेंबर, दुपारी १२:१०

सीमांवरच चाललंय तर बार्ला राहिलं. नेदरलँड्समधलं गाव, पण गावात बेल्जियमचे वीसहून जास्त तुकडे, आणि त्या तुकड्यांच्या पोटात पुन्हा नेदरलँड्सचे तुकडे. फुटपाथवर पांढऱ्या फुल्यांनी हद्द आखलीय. घराचं पुढचं दार ज्या देशात, ते घर त्या देशाचं. एका घराच्या तर दारातूनच हद्द जाते, त्याला दोन नंबर आहेत. ब्रेडा किंवा टिलबुर्खहून बस मिळते.

---

खडूस_काका | १२ सप्टेंबर, दुपारी १२:५८

हे आपल्याकडे कूचबिहारला होतं. भारताचे १११ तुकडे बांगलादेशात आणि त्यांचे ५१ आपल्यात. एका ठिकाणी तर तुकड्यात तुकडा आणि त्यात तुकडा. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री अदलाबदल झाली. तिथली माणसं तोवर ना रेशनकार्डाची ना मतदानाची. फुल्या मारून पर्यटक बोलावणं श्रीमंतांना परवडतं.

मिरची, बार्ल्याचा मोजणी नकाशा कुठे विकत मिळतो का बघशील? टपालखर्च मी देईन.

---

सांडगी_मिरची | २ नोव्हेंबर, रात्री ११:२०

मंडळी, मी पोचले, स्थिरावले, एकदा सर्दीही झाली.

व्हेनिसला गेले नाही. दोघी जाऊन आल्या. फोटो सुंदर आहेत, पण शुक्रवारची लॅब बुडाली आणि आता माझ्या नोट्स मागतायत.

पहिल्या रविवारी फाल्सला गेले. कांदे आणले. झाडू मिरजेहूनच आणला होता. मग तिथून चढून तीन देशांच्या खांबापाशी गेले. आईला व्हिडिओ कॉल लावला तर फोनवर ओळीने स्वागताचे तीन मेसेज, आधी नेदरलँड्स, मग बेल्जियम, मग पुन्हा नेदरलँड्स. आई म्हणाली, "एका जागी उभी राहा की!" मी एका जागीच उभी होते.

फेनबान थोडी झाली, मोन्शाउच्या अलीकडून परत फिरले. पट्टी बेल्जियमची आहे हे कुठेच कळत नाही, फक्त मार्गावरच्या पाट्या बदलतात. पाहुणे दादांनी सायकल उधार दिली, वर येताना डाळवांग्याचा डबा दिला. दादा, डबा धुवून ठेवलाय.

महिन्याचा प्रवासखर्च ६४ युरो. उरलेले पॅरिससाठी ठेवलेत, डिसेंबरात दोन रात्री. दिवसाच्या गाडीने, आई.

ताई, फ्राइजबद्दल विचारलं. दुकानदाराने अभिमानाने सांगितलं, "अर्थातच चरबी!" मी वॉफल घेतलं.

---

आखेनचा_पाहुणा | ३ नोव्हेंबर, सकाळी ९:००

डबा राहू दे. पुढच्या रविवारी केल्मिसच्या बाजूचं जंगल करू, काकांचे दगड तिकडेच आहेत.

---

सांडगी_मिरची | ९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४५

काका, दगड सापडले! चार मिळाले. दोन रस्त्याकडेला, एक ओढ्यापाशी, एक पानांखाली पुरलेला, पाहुणे दादा त्याला अडखळून पडले म्हणून दिसला. फोटो जोडलेत. हात लावून बघितला, थंडगार आणि कडा झिजलेल्या. चौथ्याच्या एका बाजूला जर्मनी, दुसऱ्या बाजूला बेल्जियम, दोन्हीकडे तीच बीच जातीची झाडं. बार्ल्याचा नकाशा जानेवारीत आणते, तिकडे मोझेलकाठीही येतेय.

---

खडूस_काका | १० नोव्हेंबर, सकाळी ५:५०

फोटो पाहिले. तीन दगड व्यवस्थित आहेत, घडण चांगली, एकही कललेला नाही. चौथ्यावरचा क्रमांक शेवाळाखाली गेला आहे. लोखंडी काही वापरू नकोस, ओल्या फडक्याने हलक्या हाताने पूस आणि पुन्हा फोटो काढ. शेजारी मापाला काहीतरी ठेव, पाण्याची बाटली चालेल.